कोल्हापूरच्या राजारामपुरीतला 'निसर्ग' बंगला शेवटी आतनं बघितला

भाचा यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसलाय. स्थिरचित्रात त्याचं शेडिंग सारखं काळपट होतंय, अंगठ्यानं घासत बसतो आणि कागद मळवतो. म्हटलं चल, तुला 'निसर्ग' बंगल्यातलं चंद्रकांत मांडरेंचं कलासंग्रहालय दाखवतो. पहिल्यांदा गेलो तो नेमका सोमवार, बंद. सोमवारची सुट्टी असते हे ध्यानातच नव्हतं, त्यामुळं तुम्ही जाणार असाल तर तेवढा वार सोडून जावा. मग रविवारी परत गेलो.

आमच्या आईच्या पिढीला चंद्रकांत म्हणजे भालजी पेंढारकरांच्या सिनेमातले शिवाजी महाराज. पण माणूस चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांच्या तालमीतला, हातात कला आधीपासनं. आत बहुतेक निसर्गचित्रं, आणि त्यातलं पावडर शेडिंग बघून मी थांबलोच. डोंगर आणि मागचं आभाळ यांच्यात रेघच नाही, रंगाची पूड कागदात हळूहळू जिरवत नेलीय, त्यामुळं धुकं खरंच खोऱ्यातनं वर येतंय असं वाटतं. भाचा नाक लावून बघत होता. म्हणाला, "मामा, हेबी घासलेलंच आहे की, मग मळलं कसं नाही?" मी म्हटलं तूच शोध. पंधरा मिनिटं त्या एका चित्रापुढं उभा होता, मग बोट दाखवून म्हणाला, "उजेडाच्या जागी हातच लावला नाही, कागद तसाच सोडलाय."

मला जास्त भिडलं ते वेगळंच. राहता बंगला आणि स्वतःची चित्रं त्यांनी हयातीतच शासनाला देऊन टाकली, ते गेले २००१ ला. म्हणून सगळं काम एका जागी, ज्या घरात राहिले तिथंच बघायला मिळतंय. शाहू महाराजांच्या दरबारातले चित्रकार आबालाल रहिमान, त्यांच्या चित्रांचं काय झालं? १९२२ ला शाहू महाराज गेले आणि त्या दुःखात त्यांनी आपली चित्रं कोटीतीर्थ तळ्यात बुडवली असं आपल्याकडं सांगतात. कोटीतीर्थावरनं जाताना दर वेळी मला ते आठवतं आणि जीव हळहळतो.

घरी आल्यावर भाच्यानं ब्लेडनं शिसं खरवडून पूड केली, कापसाचा बोळा घेतला आणि तांब्याला शेडिंग द्यायला बसला. तांब्याच्या पोटावरचा उजेडाचा पट्टा तेवढा कोरा ठेवला.