दुनळीचा दस्ता

जुनी दुनळी बंदूक उजळायला घेतली की हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. तो तिथंच थांबवावा. बर्मिंगहॅमला घडलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या बाराबोर बंदुकीचं लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं. पेपर दोनदा फिरला की ते खाली बसतं, काठ गोल होतात, आणि गेलेलं लाकूड काही परत येत नाही.

हा छंद मुळात इंग्लंडातल्या घरामागच्या शेडमधला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्यालाही वेगळा परवाना लागतो. काम कुठंही असो, पहिली पायरी हीच: बंदूक उघडायची, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानंही तपासायचं.

मग स्क्रू. यांच्या खाचा अरुंद आणि सरळ भिंतींच्या. निमुळत्या टोकाचा घरगुती पेचकस त्यातून वर सटकतो आणि खाच कुरतडून ठेवतो. टोक खाचेएवढंच घासून घ्यावं. पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी खोचावा, कारण चांगल्या कारागिरानं खाचा नळीच्या रेषेत आणलेल्या असतात. अदलाबदल झाली की सगळ्या वाकड्यातिकड्या दिसतात.

दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाचं, यंत्राकडचं तोंड बहुतेकदा काळं आणि मऊ पडलेलं सापडतं. बंदूक वर्षानुवर्षं नळ्या वर करून कपाटात उभी, आणि यंत्रातलं तेल निथळून अक्रोडात मुरत गेलेलं. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून जाड लेप द्यायचा. सुकताना तो तेल ओढतो, पांढऱ्याचा पिवळा होतो. झटकायचा, पुन्हा द्यायचा. तीन-चार लेपांनी भागलं तर नशीब समजा.

पोचे उठवणं ही यातली खरी मजा. ओलं सुती फडकं पोच्यावर ठेवून त्यावर गरम इस्त्रीचं टोक चार-पाच सेकंद टेकवायचं. चुर्र होतं, वाफ आत शिरते, दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेच असतील, म्हणजे ओरखडा असेल, तर वाफ काही करू शकत नाही. तो राहू द्यावा.

शेवटी जवसाचं तेल. बाजारातलं ‘बॉइल्ड’ खरं तर नुसतं उकळलेलं नसतं, त्यात लवकर सुकवणारे धातूंचे क्षार घातलेले असतात. एका थराला दोन-तीन थेंब, तळहात गरम होईस्तोवर चोळायचं, दुसरा थर दुसऱ्या दिवशी. जाड थर दिला की तो चिकटच राहतो आणि धूळ धरतो. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नयेत. सुकताना तापतात आणि आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

नळ्यांवरच्या तांबूस गंजाला तेल आणि अगदी बारीक स्टील वूल पुरे. व्हिनेगर नको: नळ्यांवरचा काळपट निळा रंगही लोखंडाचा ऑक्साइडच, गंजाबरोबर तोही जातो. नवा रंग द्यायला उकळत्या कॉस्टिक सोड्याचं भांडं तर दुनळीला वर्ज्यच. दोन नळ्यांमधली पट्टी शिशाच्या डाखानं जोडलेली असते, आणि कॉस्टिक तो डाख खातं. नळ्या सुट्या करून टांगाव्यात, बोटाच्या पेरानं टिचकी मारावी. घंटेसारखा नाद आला तर पट्टी घट्ट. बद्द वाजलं तर पुढचं काम बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे.

जोडून झाल्यावर कपाटात उभी करताना नळ्यांचं तोंड खाली.