मुदत सात दिवसांची, त्यातले सहा मीटरने खाल्ले

नव्या ॲम्प्लिफायरची दुकानात परतीची मुदत होती सात दिवस. त्यातले सहा माझे जुन्या-नव्याच्या आवाजाची पातळी जुळवण्यात गेले, म्हणून हे जरा चिडूनच लिहितोय.

माझ्या वीस वर्षांच्या ॲम्प्लिफायरपेक्षा नवा क्लास-डी (वीज झपाट्याने चालू-बंद करत चालणारा) ॲम्प्लिफायर खरंच उजवा आहे का, हे न बघता, नुसतं ऐकून ठरवायचं होतं. दुकानात तो भलताच खुलला होता. (तेव्हा विक्रेत्याचा हात नॉबवर होता, हे मागाहून आठवलं.) घरी स्पीकर कधी जुन्याला, कधी नव्याला जोडणारा एक स्विचबॉक्स, स्पीकर तेच, मी खिडकीकडे तोंड करून आणि बायको कपाटाआड स्विचपाशी. पहिल्याच बैठकीत दहापैकी दहा वेळा नवा ओळखला. मी हवेत. मुलगी म्हणाली, "बाबा, तो नुसता मोठ्याने वाजत नाहीये ना?"

इथे जो अडकलो तो अडकलोच. किंचित वाढलेला आवाज मोठा वाटत नाही. तो 'स्वच्छ', 'मोकळा' वाटतो. म्हणून पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवायची, म्हणजे स्पीकरच्या टोकांवरच्या व्होल्टेजमध्ये जेमतेम एक टक्क्याचा फरक चालतो. घरात इलेक्ट्रिशियन वापरतात तसला पिवळा मीटर होता. एसीची त्याची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्ट, दशांश एकच. दोन्हीकडे २.० दिसलं की मी खूश. पण २.० आणि २.१ यांच्यातच ०.४ डेसिबल जातात! मीटर म्हणे जुळलं, आणि मी तीन संध्याकाळ पुन्हा नवाच ओळखतोय.

शेवटी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, दोन दशांश दाखवणारा मीटर आणला. तर नवा खोडा: नव्याचा आवाज अर्ध्या-अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी चढतो, अधेमधे थांबतच नाही. दीड दिवस झटापट केल्यावर डोक्यात आलं की पायरीवाला आधी लावून सोडून द्यायचा आणि जुन्याचा नॉब केसभर सरकवत त्याला गाठायचं. मग डावा चॅनेल जुळला की उजवा बिघडे. जुने नॉब अगदी खालच्या टोकाला दोन्हीकडे सारखे चालत नाहीत. सोर्सचा (ॲम्प्लिफायरला गाणं पुरवणाऱ्या यंत्राचा) आवाज उतरवून नॉब वर घेतला तेव्हा जमलं. हे सगळं १००० हर्ट्झच्या शिट्टीवर. "अहो, गाणं ऐकायचंय की कुकर लावलाय?" ही कपाटाआडून.

खरी चाचणी तासाभरात उरकली. छापा-काटा करून सोळा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी, म्हणून बारा हवे होते. माझे आले नऊ. तानपुऱ्याची जवारी नव्यावरच उघडते असं ज्या फेरीत मी छातीठोक सांगितलं, त्या फेरीत जुना वाजत होता.

स्विचवाल्याला उत्तर माहीत असतं, त्याला बोलू देऊ नका. बायकोच्या एका "हं"मुळे पहिल्या दोन फेऱ्या रद्द कराव्या लागल्या.

आठव्या दिवशी दुकानात फोन केला. "साहेब, मुदत काल संपली."

हो, एक राहिलंच. पुष्कळ क्लास-डी ॲम्प्लिफायरचं काळं टोक म्हणजे ग्राउंड (शून्य व्होल्टचं सामाईक टोक) नसतं. स्विचबॉक्स लाल-काळ्या दोन्ही तारा तोडणारा घ्या. काळ्या तारा आतून एकत्र जोडलेला लावलात तर ॲम्प्लिफायर जळू शकतो.