आधी वाऱ्याच्या तोंडावर

शिडाचं कयाक घेऊन पहिल्यांदा समुद्रात जायचं तर आधी कुठल्या दिशेने जायचं, यावरून माझी आणि भाच्याची आदल्या रात्रीच जुंपली. माझं म्हणणं साधं होतं. आधी वाऱ्यासोबत जाऊ, जरा हात बसू दे, मग वाऱ्याशी भांडू. तो म्हणाला, "आत्या, आयुष्यभर लोकांचे ताळेबंद तपासलेस ना? मग हाही तपास."

कागद घेतला. बरा वारा असला की वाऱ्यासोबत आमची होडी साधारण ४ नॉटने जाते. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा २ किलोमीटरला सोळा मिनिटं. परतताना मात्र वारा समोरून. शिडाची कुठलीच होडी थेट वाऱ्याच्या तोंडात जात नाही, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे अशी तिरकी चढावी लागते. चांगली होडी वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन धरते. आमची रुंद आणि उथळ, तिने ५५ अंश धरले तरी खूप. म्हणजे त्याच २ किलोमीटरसाठी साडेतीन किलोमीटर पाणी कापायचं, तेही ३ नॉटने. झाली अडतीस मिनिटं. लाटेबरोबर आडवं सरकणं आणि प्रत्येक वळणावर वाया जाणारा वेळ धरला की पाऊण तास कुठे गेला नाही. त्यात ऊन चढेल तशी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा धावून येते. म्हणजे दमलेल्या माणसाला सकाळपेक्षा जास्त वारा. आधी उचल घ्यायची आणि मग वाढत्या व्याजाने फेडायची, असला व्यवहार मी कुठल्याही अशिलाला करू दिला नसता. कागद पालथा घातला आणि झोपायला गेले.

आता होडीबद्दल. तळ्यात मी वल्ह्याचं कयाक बरीच वर्षं चालवलंय आणि शिडाचंही थोडंफार. हे शिडाचं कयाक म्हणजे वर बसायची लांबट होडी, दोन्ही अंगांना आडव्या दांड्यांवर बसवलेल्या उलांड्या, म्हणजे तोल सांभाळणारे लांबट तरंगते, मध्ये डोलकाठी आणि तिच्याभोवती गुंडाळून लहानमोठं करता येणारं एकच शीड. शिडाला खाली आडवा दांडा नाही, त्यामुळे डोकं शाबूत राहतं. पायांशी पायडलं आहेत. ती दाबली की तळाखालची दोन पाती आडवी झुलतात. होबी कंपनीने १९९७ मध्ये बाजारात आणलेली ही युक्ती पेंग्विनच्या पंखांवरून सुचलेली. शिवाय एक वल्हं असतंच, दोरीने बांधलेलं. वल्हेकरी मंडळी याला कयाक मानत नाहीत आणि मोठ्या शिडाच्या होड्यावाले याला होडी मानत नाहीत. दोघांचंही बरोबर आहे, आणि मला ती म्हणूनच आवडते. वारा पडला तर पाय, पाय थकले तर हात.

अंदाज ८ ते १० नॉट वाऱ्याचा होता. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्टच्या मोजपट्टीवर हा तिसरा टप्पा, म्हणजे कुठे कुठे पांढरा फेस दिसायला लागतो. आकडा बघून फसू नये, असं भाचा सतत बजावतो, कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा वारा १४ झाला की कानाला फारसा फरक कळत नाही, पण शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. दिशा मात्र मनासारखी होती, समुद्राकडून किनाऱ्याकडे तिरकी. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा असता तर आम्ही गाठोडं उघडलंच नसतं. तसल्या वाऱ्यात किनाऱ्यालगतचं पाणी अगदी शांत दिसतं, कारण जमिनीचा आडोसा असतो. लाटा दूर गेल्यावर भेटतात, आणि तोवर वारा पाठीशी असल्याने आपण भलतेच लांब गेलेलो असतो. भरतीही बघून ठेवली होती. पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात एक बारांश, दुसऱ्यात दोन, मधल्या दोन तासांत तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. आम्ही शेवटच्या सुस्त तासाला निघालो, म्हणजे मधल्या तासांच्या जोरदार ओढीशी गाठ पडत नाही. ओढ एकीकडे आणि वारा तिच्या उलट असला की लाटा उंच नि खड्या होतात, आणि नवख्या माणसाला ते नको.

जॅकेटला शिटी, भाच्याकडे हातातला व्हीएचएफ रेडिओ मदत मागायच्या १६ नंबरच्या चॅनेलवर, आणि किनाऱ्यावर आमची परतायची वेळ माहीत असलेलं एक माणूस. एवढं झाल्यावरच पाण्यात उतरलो.

फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यातून बाहेर पडणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. खोली लाटेच्या उंचीच्या सव्वा-दीडपट उरली की लाट फुटते. त्या दिवशीच्या अर्ध्या मीटरच्या लाटा मांडीभर पाण्यात फुटत होत्या. तिथे शीड गुंडाळलेलं, सुकाणू वर, आडवं सरकणं रोखणारी तळाची फळी वर, फक्त वल्हं. मोठ्या लाटा टोळीने येतात. टोळी गेली की मध्ये जरा उसंत मिळते. "आत्ता मार!" भाचा ओरडला आणि मी मारलं. नाळ, म्हणजे होडीचं नाक, दोनदा वर गेली, मांडीवर बादलीभर पाणी आलं, पट्टा संपला.

मग शीड अर्धं उघडलं, आणि तळ्यातलं माझं सगळं शिक्षण गडबडलं. तळ्यात वारा झाडांमागून, टेकडीमागून झटक्या-झटक्याने येतो, पण पाणी सपाट असतं. समुद्रात उलट. वारा एकसारखा, पाणी मात्र हलतं. होडी लाटेवर चढली की डोलकाठीचं टोक मागे झुकतं, उतरली की पुढे फेकलं जातं. टोक पुढे जाताना शीड सैल पडून फडफडतं, मागे जाताना भरतं. शिडाकडे बघून दोरी ओढायची-सोडायची ही माझी तळ्यातली सवय. इथे मी प्रत्येक लाटेला दोरी ओढत-सोडत बसले आणि होडी जागच्या जागी नाचत राहिली. भाचा वाऱ्याकडच्या अंगाने चालला होता, म्हणजे गरज पडली तर त्याला माझ्याकडे पटकन उतरता यावं. तिथून तो म्हणाला, "अगं, शिडाकडे बघू नकोस. गालावर वारा घे." टोपी मागे सरकवली. वारा गालावर लागतो ती जागा लाटेने फारशी बदलत नाही. ती धरून ठेवली, दोरी स्थिर केली आणि हळूहळू मागे पाण्याची रेघ उमटायला लागली. लाटांवरून तिरकं जाताना प्रत्येक चढाला किंचित वाऱ्याकडे वळायचं, उताराला किंचित सोडून द्यायचं. हे कुणी सांगितलं नव्हतं, मांडीखाली आपोआप कळलं.

वळण हे मोठं प्रकरण निघालं. पुढे दुसरं छोटं शीड असलेल्या होडीचं नाक ते शीड ओढून नेतं. आमचं एकच शीड, आणि उलांड्यांमुळे होडी रुंद. नाळ वाऱ्यात आली की वेग मरतो, शीड लटपटतं, होडी ना इकडची ना तिकडची. तशीच राहिली तर मागे सरकू लागते आणि सुकाणू उलटं काम करतं. उपाय पायांत आहे. वळायच्या आधी वेग वाढवायचा आणि नाळ वाऱ्यातून पार होईपर्यंत पायडलं सोडायची नाहीत. पायडल मारत शीड चालवणं म्हणजे फसवणूक, असं मला एकाने कधीतरी सांगितलं होतं. त्याने ही होडी वळवून दाखवावी.

थोडं पुढे गेल्यावर वारा वाढला. हे मला कळलं ते वाऱ्यापलीकडच्या उलांडीवरून. आतापर्यंत पाण्यावर सरपटणारी ती आता लाटेत शिरून पलीकडे निघायला लागली. दोन-तीनदा पूर्ण दिसेनाशी झाली. भाच्याने हातानेच गुंडाळायची खूण केली, पण माझा हात आधीच दोरीवर होता. शीड तिसरा हिस्सा उरलं आणि गंमत म्हणजे वेग फारसा घटला नाही. बुडालेली उलांडी स्वतःच मोठा अडथळा असते.

उलांड्या असल्यावर होडी सहजासहजी उलटत नाही, हे खरं. पण उलटली तर त्याच उलांड्यांमुळे ती पालथीसुद्धा तितकीच पक्की बसते. त्यासाठी आम्ही आधी कमरेभर पाण्यात मुद्दाम उलटवून, सरळ करून बघितली होती. एकट्याने फार जड जाते. हानेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने १९५६ मध्ये घडीच्या कयाकला शीड लावून कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडला. त्यात त्याने एक रात्र पालथ्या होडीला धरून काढली होती. तो सराव मला घेणं नको. माझी भीती वेगळीच आहे. मी पाण्यात पडले आणि शीड भरलेली होडी माझ्याविना निघून गेली तर तिला पोहून गाठता येणार नाही. त्यामुळे शिडाची दोरी खाचेत अडकवून मोकळं बसायची सोय असली तरी मी ती वापरली नाही. दोरी हातात. हात सुटला तर शीड सुटतं आणि होडी थांबते. तळवे सोलवटले, ते चालतं. पुढच्या वेळी हातमोजे.

किनारा अजून ओळखू येत होता तिथूनच परतलो. अशा होडीत डोळे पाण्यापासून जेमतेम ८० सेंटीमीटर वर, म्हणजे क्षितिज तीन-सव्वातीन किलोमीटरवर संपतं. किनाऱ्यावरचं जे उंच तेवढंच दिसतं. शीड असण्याचा एक फायदा इथे आहे. नुसतं कयाक मोठ्या बोटीवाल्याला लाटांत दिसतच नाही, शीड निदान दिसतं तरी.

आणि मग वाऱ्यासोबत. सगळं एकदम थांबल्यासारखं झालं. ९ नॉटचा वारा आणि त्याच दिशेने ४ नॉटने आपण, म्हणजे अंगाला लागतो फक्त ५ नॉट. ऊन जाणवायला लागलं, फडफड थांबली, मला तर वाटलं वाराच पडला. भाच्याला ओरडून विचारलंही. त्याने उत्तर न देता मागे बोट दाखवलं. मागे फेस पहिल्यापेक्षा जास्त होता. आदल्या रात्रीच्या कागदात हे नव्हतं. आधी या बाजूने गेले असते तर हसत-खेळत दुप्पट लांब गेले असते आणि वळल्यावर गालफडात बसलं असतं.

मात्र वाऱ्यासोबतचा प्रवास मी समजत होते तितका आयता नाही. मागून आलेली लाट होडीचं ढुंगण उचलते आणि एका बाजूला ढकलते. सुकाणूने वेळेवर सावरलं नाही तर होडी लाटेला आडवी होते. सावरली तर उतारावरून अशी काही घसरते की मी मोठ्याने ओरडले. आनंदाने, हे इथे नमूद करते, कारण भाचा घरी वेगळं सांगतोय.

फुटणाऱ्या लाटांच्या अलीकडे शीड पूर्ण गुंडाळलं, सुकाणू वर, फळी वर, पुन्हा वल्हं. टोळी जाऊ दिली आणि शेवटच्या लाटेच्या पाठीवरून आत आलो. नंतर गोड्या पाण्याने कप्प्या, साखळी, दोरी असं सगळं धुताना निघण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

भाच्याला पुढच्या आठवड्यातच जायचंय. मी पंचांग काढलं. पुढच्या आठवड्यात अमावास्या, म्हणजे उधाण. पाण्याला ओढ जास्त. नवमी-दशमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यांत कमी, असेल तेव्हा जाऊ म्हटलं, आणि या वेळी वाऱ्याचा अंदाज मी बघणार.