लॉर्ड डब्स यांचे कलम आणि गाळलेला आकडा

ब्रिटनच्या संसदेत एखाद्या कलमाला माणसाचे नाव चिकटते तेव्हा त्यामागे बहुधा मोठा वाद झालेला असतो. युरोपातल्या एकट्या निर्वासित मुलांना ब्रिटनमध्ये आणण्याबाबतचे, २०१६ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम ६७ इथे ‘डब्स दुरुस्ती’ म्हणूनच ओळखले जाते. ती मांडणारे मजूर पक्षाचे लॉर्ड आल्फ डब्स स्वतः वयाच्या सहाव्या वर्षी निर्वासित म्हणून या देशात आले होते.

त्यांचा जन्म १९३२ साली प्रागमध्ये झाला. मार्च १९३९ मध्ये नाझी सैन्य शहरात शिरताच त्यांच्या ज्यू वडिलांनी लंडन गाठले. आईला मात्र देश सोडण्याची परवानगी मिळेना. जूनमध्ये तिने मुलाला एकट्यालाच, निकोलस विंटन या लंडनच्या तरुण शेअर दलालाने खटपट करून सोडवलेल्या एका गाडीत बसवले. अशा गाड्यांतून ६६९ मुले वाचली. सरकारने त्यांना प्रवेश दिला खरा, पण प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी आणि सांभाळणारे घर शोधण्याचे काम खासगी माणसांवरच टाकले होते. आईने बांधून दिलेल्या शिदोरीला आपण वाटेत हातही लावला नाही आणि हॉलंडची हद्द लागल्यावर मोठ्या मुलांनी जल्लोष का केला हे आपल्याला कळले नाही, अशी आठवण डब्स सांगतात. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर वडील न्यायला आले होते. गाडीतल्या बहुतेक मुलांच्या नशिबी तेवढेही नव्हते. आई ३१ ऑगस्टला, म्हणजे युद्धाला तोंड फुटण्याच्या आदल्या दिवशी पोहोचली. या स्थानकाबाहेर आज त्या मुलांचे ब्राँझ शिल्प आहे. ते घडवणारे फ्रँक माइस्लर हेही अशाच गाडीने आलेले.

१९७९ ते १९८७ या काळात डब्स बॅटरसी भागातून खासदार होते. (मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला १९२२ साली निवडून आले तेही याच बॅटरसीच्या उत्तर भागातून, त्यामुळे बाहेरून आलेला माणूस तिथल्या मतदारांना नवा नव्हता.) पुढे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या ‘रेफ्युजी कौन्सिल’ या संस्थेचे संचालकपद, १९९४ पासून हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणजे संसदेचे वरिष्ठ सभागृह आणि ब्लेअर सरकारात उत्तर आयर्लंडचे राज्यमंत्रिपद.

युरोपात पोहोचलेल्या, सोबत कोणी नसलेल्या ३,००० निर्वासित मुलांना ब्रिटनने आणावे, अशी त्यांची मूळ दुरुस्ती होती. लॉर्ड्सने ती मंजूर केली, पण एप्रिल २०१६ मध्ये कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाने २९४ विरुद्ध २७६ मतांनी फेटाळली. तेव्हा डब्स यांनी आकडाच गाळला आणि किती मुले आणायची ते सरकारने स्थानिक परिषदांशी सल्लामसलत करून ठरवावे, असा नवा मसुदा आणला. सत्ताधारी पक्षातील नाराजी ओळखून सरकारला तो स्वीकारावा लागला. डब्स यांच्या बालपणाच्या कहाणीने सभागृह हेलावले म्हणून हे घडले, असे इथले बरेच लोक मानतात. मला ते अर्धेच पटते. अठरा मतांनी हरल्यावर काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, हे मुरलेल्या संसदपटूलाच सुचते.

त्या तडजोडीची किंमतही मोजावी लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने ३५० मुलांवर योजना आटोपती घेत असल्याचे सांगितले. पुढे परिषदांनी देऊ केलेल्या १३० जागा हिशेबात धरायच्याच राहून गेल्याचे उघड झाले आणि आकडा ४८० झाला. मुलांच्या भवितव्याबाबत असा कारकुनी घोटाळा व्हावा, याचा मला अजूनही राग येतो.

यानंतर डब्स यांनी मुलांच्या इथे असलेल्या नातेवाइकांचा मुद्दा हाती घेतला. ब्रेक्झिटनंतरही अशा मुलांना आपल्या माणसांकडे येता यावे यासाठी सरकारने युरोपीय संघाशी बोलणी करावीत, हे बंधन त्यांनी २०१८ च्या कायद्यात घालून घेतले. जॉन्सन सरकारने ते काढून त्याजागी संसदेत नुसते निवेदन करण्याची तरतूद ठेवली. जानेवारी २०२० मध्ये ८७ वर्षांच्या डब्स यांनी लॉर्ड्समध्ये मतदान घडवून ते बंधन परत आणले, आणि ८० जागांचे बहुमत असलेल्या सरकारने कॉमन्समध्ये ते पुन्हा खोडून टाकले.