बदलीवाला बोरा

माळा आवरायचा म्हणून दुपारी बाबांची जुनी ट्रंक खाली काढली आणि झाकणावरच अडकलो. पांढऱ्या पेंटने बाबांचं नाव, खाली एका गावाचं नाव, ते खोडून दुसरं, तेही खोडून तिसरं. बदलीची नोकरी. आणि का कोण जाणे एकदम फुटबॉलचा कोच बोरा मिलुतिनोविच आठवला.

२००२ चा वर्ल्ड कप कोरिया-जपानला, त्यामुळे मॅचेस आपल्याकडे दिवसाउजेडी, शाळा उघडलेली नव्हती, म्हणजे चैनच. चीनची वर्ल्ड कपमधली पहिलीच मॅच, समोर कोस्टा रिका. मला एक वाईट खोड आहे, बॉल सोडून बाकावरच्या कोचकडे बघत बसायचं, गोल हमखास हुकतो आणि मग रिप्लेवर भागवायचं. तर चीनच्या बाकावर हा चष्मेवाला, केस असे की कंगव्याशी भांडण झालंय. चीन हा त्याचा वर्ल्ड कपमधला पाचवा देश हे ऐकून बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं, म्हणाले, "हा पण बदलीवालाच की."

झालं, तेव्हापासून बोरा आमच्या घरचा झाला.

जन्म सर्बियातला. याच्यासकट तीन भाऊ, तिघंही तिथल्या पार्टिझान क्लबकडून खेळलेले. हा मग फ्रान्स, स्वित्झर्लंड करत करत मेक्सिकोच्या पुमास क्लबकडे पोचला आणि तिथेच कोच झाला. १९८६ ला मेक्सिकोला घरच्या वर्ल्ड कपात क्वार्टर फायनलपर्यंत नेलं, पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर गेले. १९९० ला कोस्टा रिका, जेमतेम काही महिने आधी रुजू झालेला, तरी स्कॉटलंड आणि स्वीडन दोघांना हरवलं! १९९४ ला अमेरिका, १९९८ ला नायजेरिया, त्यांनी तर स्पेनला ३-२ ने लोळवलं. चारही टीम पहिल्या फेरीतून पुढे. मध्ये एकदा मेक्सिकोला १९९८ साठी पात्र करून दिलं आणि वर्ल्ड कपच्या आधीच याला काढलं. काम याने करायचं आणि ऐन वेळी चार्ज दुसऱ्याला, हे बाबांना अगदी मनापासून पटायचं.

त्या दुपारची गंमत वेगळीच होती. कोस्टा रिकाचा कोच ग्वीमारेस हा १९९० च्या टीममध्ये बोराच्याच हाताखाली खेळलेला (पुढे तो आपल्या मुंबई सिटी फुटबॉल क्लबचाही कोच झाला, त्याचीही बदलीच म्हणायची). म्हणजे आपल्या हाताखालचा पोरगा समोर साहेब होऊन बसलाय. २-० ने हरवलं त्याने. पुढे चीन ब्राझीलकडूनही हरलं, तुर्कीकडूनही, नऊ गोल खाल्ले, मारला एकही नाही. मी बोराकडे बघत होतो, त्यामुळे मला फार कळलंच नाही.

नंतर होंडुरास, जमैका, इराक. स्वतःच्या देशाच्या टीमचा कोच मात्र तो कधीच झाला नाही.

गावाकडची बदली बाबांनी पण तीनदा मागितली होती.

ट्रंक अजून हॉलमध्येच पडलीये. किल्ली सापडत नाहीये.