आमची वाटचाल: रिसीव्हरच्या मागच्या बाजूनं

आमचं दुकान मुळात टेप-रेडिओ रिपेरिंगचं. कोल्हापूरला राजारामपुरीत एक छोटा गाळा, वडील सोल्डरिंग करत बसायचे आणि शाळा सुटली की मी शेजारच्या स्टुलावर. स्पीकरचा प्लस-मायनस ओळखायची त्यांची पद्धत म्हणजे दीड व्होल्टचा सेल घ्यायचा, त्याच्या दोन वायरी स्पीकरला क्षणभर टेकवायच्या, स्पीकरचा कोन (म्हणजे पुढचा हलणारा पडदा) बाहेर आला तर सेलची प्लस जिथं लागलीय ते प्लस, आत गेला तर उलटं. आज आम्ही लाखांचे सेटअप लावतो पण जुन्या स्पीकरवरची लाल खूण पुसली असली की अजून हेच करतो.

होम थिएटरकडं वळलो ते डीव्हीडी घरोघरी आल्यावर. लोक मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरनं रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर जोडून चालवणारा ॲम्प्लिफायर, आणि पाच स्पीकर घेऊन यायचे, मागची बाजू बघून घाबरायचे आणि मग कुणीतरी सांगायचं की त्या टेपवाल्याला बोलवा. मला तिथंच काम दिसलं. विकणारे भरपूर होते, घरी येऊन नीट जोडून देणारं कुणी नव्हतं. पहिली काही वर्षं आम्ही एकही बॉक्स विकला नाही, नुसती जोडणी.

त्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. आवाज खराब आहे म्हणून फोन आला की दहातल्या सहा-सात वेळा मशीन चांगलंच असायचं, चूक जोडणीत. एका गिऱ्हाइकानं सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) बदलायचं ठरवलं होतं, सिनेमात दणका लागत नाही म्हणून. मी मागं जाऊन बघितलं तर समोरच्या डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर, म्हणजे प्लस-मायनस, उलटी. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, खर्जाचा आवाज एकमेकांना मारतो. वायर उलटवली, दणका आला, त्यांचे सबचे पैसे वाचले, आणि त्यांनी पुढं आम्हाला चार घरं मिळवून दिली.

रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद होतोय ही दुसरी नेहमीची तक्रार. बऱ्याचदा वायरीचा एक केसासारखा तंतू शेजारच्या टर्मिनलला, म्हणजे वायर बसवायच्या जागेला, टेकलेला असतो. नाहीतर कुणीतरी हौसेनं एकाच टर्मिनलवर दोन स्पीकर पॅरलल लावलेले, 8 ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध) दोन म्हणजे रिसीव्हरला 4 ओहमच दिसतात, करंट जास्त जातो आणि तो तापतो. म्हणून आम्ही सगळीकडं वायरीच्या टोकाला बनाना प्लग (टर्मिनलात घुसणारी धातूची पिन) लावतो, आणि वायर शुद्ध तांब्याचीच. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते, ब्लेडनं खरवडली की आतनं पांढरी दिसते, ती आम्ही हातात धरत नाही. 8 ओहमच्या स्पीकरला दहा मीटरपर्यंत 1.5 स्क्वेअर एमएम जाडीची, त्याच्या पुढं 2.5.

पुढं चित्र आणि आवाज एकाच वायरीतनं नेणारं एचडीएमआय आलं आणि लोकांना वाटलं आता एकच वायर, सोपं झालं. सोपं झालं खरं, पण टीव्हीच्या ॲपमधला आवाज रिसीव्हरला जायला टीव्हीची एआरसी (आवाज उलट रिसीव्हरकडं पाठवणारी) लिहिलेलीच सॉकेट लागते, ती रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटला जोडायची आणि टीव्हीच्या सेटिंगमधे सीईसी, म्हणजे दोन्ही मशीनचं एकमेकांशी बोलणं, चालू करायचं. हे फोनवर किती जणांना सांगितलं असेल मोजलं नाही. ऑप्टिकल (उजेडानं आवाज नेणाऱ्या) वायरीनं पण काम भागतं पण 5.1 पर्यंतच, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब, ॲटमॉस (वरनंही येणारा आवाज) तिच्यातनं जात नाही.

आमची सगळ्यात मोठी चूक पण एचडीएमआयचीच. एका बंगल्यात प्रोजेक्टरसाठी फायबरची लांब केबल पीओपीच्या वरनं टाकली, छत बंद झालं, रंग झाला आणि मग कळलं की केबल उलटी गेलीय. फायबरच्या केबलला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, आमच्या माणसानं बघितलं नाही आणि मीही तपासलं नाही. छत फोडून परत करून दिलं, सगळा खर्च आमचा. त्या दिवसापासनं 32 एमएमचा पाइप, आत ओढायला दोरी सोडलेली, आणि चित्र-आवाज चालवून दाखवल्याशिवाय पीओपीवाल्याला हात लावू देत नाही.

ऑगस्ट 2019 चा महापूर मात्र विसरता येत नाही. शाहूपुरी, नागाळा पार्क भागातल्या आमच्या गिऱ्हाइकांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, स्पीकरचे एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुश्याचे) बॉक्स फुगून फुटले, पाइपात गाळ. पाणी ओसरल्यावर पहिलं काम एकच केलं, प्रत्येकाला फोन करून सांगितलं की काहीही झालं तरी ओलं मशीन चालू करून बघू नका. मग महिनाभर नुसतं उघडणं, धुणं, वाळवणं, त्याची मजुरी कुणाकडनं घेतली नाही. कित्येक रिसीव्हर गेलेच. पण जी घरं परत उभी केली तिथं आमच्या जुन्या वहीतले वायरींचे नंबर कामाला आले, कुठली वायर कुठनं कुठं गेलीय हे भिंत न फोडता कळलं. आता रॅक आम्ही कमरेच्या वरच घेतो आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर लावून मागच्या बाजूचा फोटो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. मागच्या महिन्यात जयसिंगपूरच्या एका काकूंचा फोन आला, साफसफाईत 3 नंबरची वायर निघाली होती, त्यांनी फोटो बघून स्वतःच लावली आणि फक्त बरोबर आहे का एवढं विचारलं. बरोबर होती.

आज आम्ही पाच जण आहोत. गाळा तोच. आत शिरल्यावर समोर एक रिसीव्हर तोंड भिंतीकडं करून ठेवलाय, सगळी टर्मिनल मोकळी, बाजूला वायरी आणि एक सेल. ज्याला शिकायचंय त्यानं रविवारी सकाळी यावं, विकत काही घ्यायची गरज नाही.