तुम्ही विचारलंत म्हणून: पोराचा हात चांगला आहे, पुढे काय?

दहावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याकडचे पालक पोराने पेन्सिलीने काढलेल्या शिवाजी महाराजांचा फोटो मोबाइलवर दाखवतात आणि विचारतात, "पोऱ्याना हात भारी शे, पन पोट भरी का?" भरतं. फक्त त्या चित्रावर नाही.

हुबेहूब चेहरा जमतो म्हणजे नजर आहे, एवढंच कळतं. पगार मिळतो तो शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत मुलं ज्या दोन पेपरांना कंटाळतात त्यांच्यावर: संकल्पचित्र (म्हणजे नक्षीची रचना) आणि भूमिती. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीत ७ गुण वाढतात, आणि घरोघरी त्या परीक्षेचा हिशेब तिथेच संपतो. हे चुकतं.

खान्देशातल्या मुलाला सोयीचा मोठा बाजार पुण्या-मुंबईत नसून ताप्ती लाइनवर, म्हणजे जळगाव-सुरत रेल्वेमार्गावर आहे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारहून गाडी सरळ सुरतेच्या उधन्याला जाते, आणि सुरतेत कोणी नातेवाईक नाही असं घर इकडे शोधावं लागेल. तिथे साडीचं डिझाइन करणारे सतत लागतात. साडी साडेपाच मीटरची, ब्लाउज पीस धरून ६.३० मीटरच्या आसपास. काठ, अंग, पदर आणि ब्लाउज वेगवेगळे काढायचे, पण एकमेकांना धरून. अंगाच्या नक्षीला रिपीट लागतो, म्हणजे एकच चौकट चारी बाजूंनी जोडत गेलो तरी सांधा दिसता कामा नये. तो तपासायची रीत सोपी आहे. फोटोशॉपमधली फाइल ४००० बाय ४००० पिक्सेलची असेल तर ऑफसेट फिल्टरने ती २००० आडवी आणि २००० उभी सरकवा. कडा मधोमध येतात. तुटलेली वेल, अर्धवट पान तिथेच सापडतं. ते दुरुस्त करून नऊ चौकटी तीन-तीनच्या ओळीत मांडा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. जवळून देखण्या दिसणाऱ्या नक्षीत आता तिरपा पट्टा उमटतो, कारण सगळी मोठी फुलं एका रेषेत आलेली असतात. नवख्यांचं काम बहुतेक वेळा इथेच परत येतं.

मग रंग. स्क्रीन प्रिंटिंगला दर रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणून सहा रंगांत भागणारी नक्षी नऊ रंगांत काढली तर व्यापारी ती उचलत नाही. डिजिटल प्रिंटला ही अडचण नाही. एम्ब्रॉयडरीत हिशेब टाक्यांचा: जेवढे टाके, तेवढा वेळ मशीन अडकतं. भरीव पाकळीऐवजी नुसती कड आणि मधे दोन शिरा ठेवल्या की टाके झपाट्याने कमी होतात आणि साडी भावात बसते. हे ज्याला सुचतं त्याला पंचिंगवाले, म्हणजे चित्राची मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणारे, सोडत नाहीत. दाखवायला दहा-बारा डिझाइनं पुरे, पण प्रत्येक चार मॅचिंगमध्ये, म्हणजे रंगमेळांत, हवं. एकच नक्षी चार वेगळ्या रंगमेळांत सांभाळता येते का, हे व्यापाऱ्यांना बघायचं असतं.

घर सोडायचं नसेल तर जळगावचा सराफ बाजार आहे. दागिन्याचं डिझाइन आता राइनो, मॅट्रिक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न नक्षीचा नसतो, वजनाचा असतो. २२ कॅरेटच्या दागिन्याचं वजन मेणाच्या साच्याच्या साधारण सतरा-अठरा पट भरतं. अंगठीची पट्टी दीड मिलिमीटरवरून १.८ केली तर पाच ग्रॅमचे सुमारे सहा ग्रॅम होतात. उलट फार पातळ केली तर ओतताना सोनं टोकापर्यंत पोहोचत नाही आणि माल वाया जातो. सुंदर पण न परवडणारी अंगठी काढणारे खूप भेटतात. चार ग्रॅममध्ये भरदार दिसणारी काढणारा थोडा.

याच बाजाराला फोटोही लागतात. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांची टेबलटॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेली छायाचित्रं त्यासाठी अभ्यासावीत. छोट्या जागेत प्रकाश कसा बांधायचा ते त्यात दिसतं. सोन्यावर समोरून फ्लॅश मारला की पांढरा डाग पडतो. उजेड बटर पेपरमधून गाळून घ्यायचा आणि बाजूला काळा पुठ्ठा धरायचा, म्हणजे कडा उठून येतात.

शिक्षणाचं थोडक्यात. बीएफए, म्हणजे कलेची पदवी, बारावीनंतर चार वर्षांची. जळगावहून अजिंठ्याच्या रस्त्याने छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय जवळ, दुसरं नागपूरला. त्यासाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेत, एएसी सीईटीत, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. मुंबईचं जे. जे. २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालंय, त्याचे नियम स्वतंत्रपणे बघा. नंदुरबारकडच्यांना बडोद्याचं फाइन आर्ट्स पुण्यापेक्षा जवळ पडतं. आयआयटीच्या बी.डिझाइनसाठी यूसीड आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी डॅट, अशा प्रवेश परीक्षा आहेत. दोन्हींना कुठल्याही शाखेची बारावी चालते. आर्किटेक्चरला मात्र गणित लागतंच, तेव्हा "चित्रंच काढायचीत ना" म्हणून अकरावीत ते सोडून देऊ नका. कलाशिक्षक व्हायचं तर एटीडी ही कलाशिक्षक पदविका आहे, पण जागा निघायची वाट बघायची तयारी ठेवा. आणि वर्षभरात अॅनिमेटर करून देतो म्हणणाऱ्या क्लासमध्ये फी भरण्याआधी मुलांच्या स्केचबुका मागा. त्या नसतील तर तिथे फक्त बटणं शिकवतात.

काम मिळू लागल्यावरची एक गोष्ट कॉलेजात सहसा सांगत नाहीत. भाव ठरेपर्यंत व्हॉट्सअॅपवर फक्त लहान जेपीईजी पाठवायची, तीही आडवं नाव टाकून. लेयरवाली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची मूळ फाइल, पैसे खात्यात जमा झाल्यावरच द्यायची; ती हातात पडली की त्यातून नवी मॅचिंग कोणीही काढून घेतं आणि पुढच्या मालाचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत.